बरोबर उत्तराला दंड

आमच्या पॉडकास्टचा नियम एकच आहे: बरोबर उत्तर द्यायचं नाही. एकाने कोडं घालायचं, उरलेल्या दोघांनी चुकीचं उत्तर द्यायचं आणि ते कसं बरोबर आहे हे कुणाच्या तरी सोंगात शिरून पटवून द्यायचं. आधी लिहून, ठरवून काही आणायचं नाही, तोंडाला येईल ते बोलायचं. चुकून बरोबर उत्तर दिलं की दंड म्हणून सगळ्यांना चहा करायचा. पहिलं वर्षभर चहा मीच केला.

कारण माझ्या तोंडात उत्तर थांबतच नाही. पंधरा वर्षं मी एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बसते. समोरचा "मॅडम, ते माझं..." म्हणाला की मी "पत्ता बदलायचाय ना?" म्हणून मोकळी. लोक खूश होतात. मला तर वाटायचं, ही माझी कलाच आहे. कुणी एक वाक्य बोलायला दोन मिनिटं घेतली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाकीचे दोघे माझे डोंबिवलीच्या कॉलेजातले दोस्त, तेव्हापासून एकांकिकांत एकत्र. एक दातांची डॉक्टर, कोपर स्टेशनजवळ दवाखाना. तोंड उघडं ठेवून बसलेल्या पेशंटशी ती दिवसभर एकटीच गप्पा मारते, त्यामुळे तिला बोलायला समोर कुणी असायची गरज नाही. दुसरा सॉफ्टवेअरवाला, राहतो घोडबंदर रोडला. एकदा मी कोडं घातलेलं, "तीन हात, बोट नाही, दिवसभर फिरतो, घर सोडत नाही." डॉक्टर म्हणाली, "वर्क फ्रॉम होमवाला नवरा. तिसरा हात मोबाइलचा." हा म्हणाला, "चूक. घोडबंदर रोडचा माणूस. दिवसभर फिरतो आणि संध्याकाळी बघतो तर आपल्याच बिल्डिंगच्या गेटसमोर." पंखा कुणी म्हणालं नाही. आमचे ऐकणारे मोजके, त्यातले निम्मे नातेवाईक, पण आमची रविवार सकाळ झकास जायची.

मग गणपतीनंतर बाबांना मेंदूचा झटका आला. हात-पाय वाचले, चालते-फिरते झाले, पण शब्द गेले. सगळे नाही. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात जन्मभर फोरमन होते, त्यामुळे शिव्या शाबूत. एक ते वीस आकडे शाबूत. "हो रे", "बरं मग", "काय सांगतोस" हेही पटापट यायचं. पण वस्तूंची आणि माणसांची नावं गेली. पाणी हवं तर "ते... पांढरं... नाही, ओलं..." असं चालायचं. डोळ्यांत दिसायचं की वस्तू त्यांना पक्की ठाऊक आहे, फक्त नाव सापडत नाहीये.

माझं नावही गेलं. खरं तर ते त्यांनीच ठेवलेलं. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, पण आत्याने आणलेलं नाव त्यांना पसंत नव्हतं, भर कार्यक्रमात बहिणीशी भांडून त्यांनी स्वतः निवडलेलं नाव पुढे केलेलं. आणि आता मला हाक मारायचे ती आत्याने आणलेल्या त्याच नावाने! कधी "ए", कधी "अगं ती". माझ्याकडे बघून ओठ हलवायचे, कपाळाला आठ्या पडायच्या, ते मला बघवायचं नाही. मग मीच माझं नाव सांगून टाकायचे. ते मान डोलवायचे आणि गप्प व्हायचे. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली, मी लग्न केलं नाही. त्या घरात माझं नाव घेणारं आता कुणीच नव्हतं, आणि ते मला आत कुठेतरी रोज टोचायचं.

स्पीच थेरपिस्ट बाई म्हणालेल्या, "तुम्ही शब्द पुरवू नका. थांबा. त्यांना शोधू दे." मी "हो हो" म्हटलं आणि घरी येऊन सुरू. "ते... गोल..." की मी, "चपाती." "ते... वरचं..." की मी, "शर्ट. निळा ना?" गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय! मला वाटायचं, मी त्यांचा त्रास वाचवतेय.

बाबांना एकटं सोडता येईना, म्हणून रेकॉर्डिंग घोडबंदरहून आमच्या ठाकुर्लीच्या घरी आलं. आवाज घुमू नये म्हणून आतल्या खोलीत खिडकीला गोधड्या टांगल्या, पंखा बंद, दार बंद. बाबा बाहेर पेपर घेऊन बसायचे. ते वाचायचे का, मला माहीत नाही, पण पान वेळेवर उलटायचे.

संक्रांतीच्या आसपासचा रविवार. आमचं रंगात आलेलं आणि दार उघडून बाबा आत. "ते कुठाय? ते... गोल... दोन... कानाला..."

चष्मा. टीव्हीच्या बाजूला होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात घोडबंदरवाला सवयीने बोलून गेला, "सायकल, काका!"

"सायकल कानाला कशी लागेल?" डॉक्टर म्हणाली. "डूल आहेत ते. काका, कुणासाठी घेताय?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या बाबांची थट्टा, माझ्याच घरात? पण मी काही बोलायच्या आत बाबा हसले आणि त्यांनी हात झाडला. "नाय रे! सायकल काय... नाकावर... नाकावर चष्मा!"

शब्द स्वच्छ आला. मला तो ऐकू आला, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नाही, कारण डोक्यात राग मावत नव्हता. मी हेडफोन काढून आपटला. "लाज वाटते का रे? आजारी माणूस आहे तो! इथे काय सर्कस लावलीय?" डॉक्टर म्हणाली, "अगं, पण ते बोलले." मी म्हटलं, "तुझं शहाणपण दवाखान्यात ठेव." दोघे माइक गुंडाळून गेले. मी चष्मा आणून बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांवर लावला नाही, खिशात टाकला.

पुढचा रविवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही जायला लागला. मी गोधड्या काढून धुवायला टाकत होते तर बाबा दारात येऊन उभे राहिले. "ते... कधी? ते... हसणारे?"

"माझे दोस्त ना?" मी लगेच म्हटलं. "येणार नाहीत. मीच नको म्हटलंय."

त्यांनी एक शिवी दिली. ती मला दिलीय हे मला जरा वेळाने कळलं. मग बोट माझ्याकडे रोखून एकेक शब्द उचलत म्हणाले, "तू... लगेच... सांगतेस. मी... मला... काही उरत नाय."

मी गोधड्या तिथेच खाली टाकल्या. चार महिने मी माणसाच्या तोंडातून शब्द काढून घेत होते आणि वर स्वतःला शाबासकी देत होते. त्या दोघांनी चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा ते खोडायला म्हणून बरोबर शब्द धावत आला होता. मी बरोबर उत्तर दिलं की त्यांना करायला काही शिल्लकच राहत नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड आली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मग फोन. मला माफी मागता येत नाही, घराण्यातच नाही ते. डॉक्टरला म्हटलं, "अगं, रविवारी या. बाबा विचारतायत." ती म्हणाली, "आणि तू?" मी म्हटलं, "मीपण." "मीपण काय?" तिने सोडलंच नाही. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं, बस?" घोडबंदरवाला जास्त सोपा निघाला. म्हणाला, "येतो. पण ट्रॅफिक बघता आत्ताच निघायला लागेल."

तेव्हापासून बाबांसाठी चौथा माइक आला. थेरपिस्ट बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "त्यांना मजा येतेय ना? दमले की थांबवा." बाबा कोडं घालतात असं आम्ही म्हणतो; खरं तर ते फक्त एखादी गोष्ट सांगायला लागतात. "सकाळी... काळं... दात..." म्हणाले की घोडबंदरवाला, "कोळशाच्या खाणीतला डेंटिस्ट!" आणि डॉक्टर लगेच त्या डेंटिस्टची बायको होऊन भांडायला लागते. बाबा पोट धरून हसतात, मग वैतागतात, मग ओरडतात, "मशेरी! मशेरी रे, मूर्खांनो!" कधी शब्द येत नाही. तेव्हा शिवी देतात आणि पुढे जातात.

सगळ्यात ढ मी. मला चुकीचं सुचतच नाही! सुचलं तरी इतकं मेलेल्या आवाजात बोलते की बाबाच माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. मी घरीही सराव करायला लागले. त्यांनी "ते... गरम..." म्हटलं की जिभेवर आलेला चहा गिळायचा आणि विचारायचं, "इस्त्री?" एकदा मी इस्त्री खरंच आणून ठेवली. "अक्कल... नाय तुला," ते म्हणाले, आणि पाठोपाठ, "चहा." तेव्हा मला अपमान इतका गोड लागला की मी तो चहा दोनदा केला.

परवाचा रविवार. उकाडा वाढलेला, पंखा बंद, सगळे घामाघूम. बाबांनी माइक जवळ ओढला. "एक आहे. सकाळी... गोळी देते. घरात ओरडते. फोनवर... गोड."

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि एकदम नजर फिरवली. डॉक्टर म्हणाली, "बायको. कुणाचीही."

"नाय."

"मॅपमधली बाई," घोडबंदरवाला म्हणाला. "'पुढे डावीकडे वळा', किती गोड! आणि गोळी देतेच, दर वेळी भलत्याच गल्लीत नेऊन."

"नाय, नाय." आता बाबा माझ्याकडे बघत होते.

माझं नाव माझ्या दातांमागे येऊन थांबलं होतं. मी म्हटलं, "प्रेशर कुकर."

"कसा?" डॉक्टरने सोंग वठवायला लावलं.

"सकाळी... शिट्टी देतो," मी म्हटलं. "गोळीसारखीच लागते."

बाबा हसले नाहीत. त्यांचे ओठ हलायला लागले, कपाळाला त्या आठ्या पडल्या. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो ऑफिसच्या सगळ्या फोनांपेक्षा मोठा वाटला. मी ओढणीचं टोक मुठीत धरून बसले आणि नाव सांगितलं नाही. मग त्यांच्या आठ्या सैल झाल्या. ते मागे रेलले, हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हरलीस म्हण."

लहानपणी कोडं घातलं की असंच छळायचे. हरले म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचे नाहीत आणि मी पाय आपटत झोपायला जायचे, पण म्हणायचे नाही. आयुष्यात मी हे कुणालाच म्हटलेलं नाही.

"हरले, बाबा."

त्यांनी माझं नाव घेतलं. शाळेच्या हजेरीत असतं तसं सगळं: आधी माझं, मग त्यांचं, मग आडनाव. कुठेही न अडखळता.

मी माइकसमोरच हमसून रडायला लागले. डॉक्टर डोळे पुसत होती, घोडबंदरवाला उगाच वायर नीट करत होता. बाबांनी दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फोरमनच्या आवाजात म्हणाले, "हरलीस ना? मग रडतेस काय? आता... तू घाल."