झाकणाच्या आतले ओरखडे

माझ्याकडे एकतीस जुनी मनगटी घड्याळं आहेत आणि त्यातलं फक्त एक चालू आहे. बाकीची तीस चिवड्याच्या स्टीलच्या डब्यात, मुलीच्या जुन्या फ्रॉकच्या कापडात गुंडाळून ठेवली आहेत. घरी कोणी आलं की मी डबा काढतो, एकेक घड्याळ तळहातावर ठेवून दाखवतो. लोक विचारतात, बंद घड्याळं कशाला सांभाळता? मी सांगतो, बंद होती म्हणून तर माझ्या भावात मिळाली. लोक हसतात, मीही हसतो.

ती बंदच का राहिली, हे मात्र मी कोणाला सांगत नाही. ती चालू करू शकणारा एक माणूस आमच्या शहराच्या महाल भागात होता, आणि त्याला मी भर रस्त्यात चोर म्हटलं.

माझा धंदा पाडलेल्या घरांचा. इमारत पडायची ठरली की तिची दारं, चौकटी, सागाचे वासे मी विकत घेतो आणि पुढे विकतो. सावनेरहून एका पिशवीनिशी आलो होतो. जे काही आहे ते तोंडाच्या जोरावर कमावलेलं. दार ठोकून पाहायचं, एका कोपऱ्यात नख रुतवायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, वाळवी आहे. नसली तरी म्हणायचं. समोरचा अडला तर आवाज चढवायचा. राग हा माझ्या हत्याराच्या पेटीतलाच एक जिन्नस आहे असं मी समजत आलो. आवाज चढला की भाव उतरतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

सागाची पहिली गाडी विकली तेव्हा मी स्वतःसाठी एक जुनं स्विस घड्याळ घेतलं. चावीचं, पांढऱ्या तबकडीचं, सेकंदाचा काटा लाल. ते हातात बांधलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता आपल्याला कोणी हटकणार नाही. पुढे नाद लागला. पाडायच्या घरांत कपाटांच्या खणांमधून बंद घड्याळं निघत. दारांच्या सौद्यात मी ती वरकड म्हणून मागून घेई. पण हातात कायम ते पहिलंच.

मुलीच्या लग्नाला दोन महिने असताना ते मोरीत पडलं आणि बंद झालं.

महालात एका जिन्याखाली कपाटाएवढं दुकान होतं. तिथले घड्याळजी माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, मी त्यांना काकाजी म्हणायचो, ते मला शेठ म्हणायचे; माझी वाळवीची युक्तीही मी त्यांना हसत सांगितली होती. आमची ओळखच या घड्याळावरून झाली होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आपलं मनगट माझ्या मनगटाशेजारी ठेवलं होतं. त्यांच्याही हातात हुबेहूब तेच घड्याळ. तीच तबकडी, तोच लाल काटा.

"जुळे भाऊ हायेत, शेठ," ते म्हणाले होते. "तुमचा जरा रोडावलेला दिसून राहिला. तेल नाही पाजत वाटते त्याले."

मोरीत पडलेलं घड्याळ नेलं त्या दिवशी मात्र त्यांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि झाकण परत बसवलं.

"बॅलन्सची दांडी मोडली."

बॅलन्स म्हणजे आत पुढेमागे डोलणारं बारीक चाक. त्याच्या डोलण्यावर सगळं घड्याळ चालतं. त्याची दांडी केसाएवढी बारीक असते. काकाजी म्हणाले, ही दांडी आता कुठे मिळत नाही. कंपनी जाऊन जमाना झाला, मुंबई-दिल्लीचे दुकानदारही हात वर करतात.

"मले ते काही माहीत नाही," मी म्हणालो. "लग्नात हेच घड्याळ हातात पाहिजे."

"शेठ, मी देव हाय का?"

मग मी माझं नेहमीचं केलं. लालूच दाखवली. म्हटलं, हे चालू करून द्या, माझ्या डब्यातली तीसच्या तीस घड्याळं तुमच्याकडेच येतील, दुसऱ्या कोणाकडे नाही. त्या गल्लीत तेव्हा त्यांच्याकडे लोक फक्त पट्टे आणि सेल बदलायला येत. चावीच्या घड्याळाचं काम महिन्यातून एखादं आलं तर आलं. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते बोललो. त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि जरा वेळ काचेवर बोट फिरवत बसले.

"डबा उद्या आणून ठेवा," ते म्हणाले. "पाहतो."

अठरा दिवसांनी घड्याळ चालू होऊन मिळालं. डब्यातल्या तिसांचं काम लग्नानंतर सुरू करायचं ठरलं. भाग कुठून आणला, मी विचारलं नाही. लग्नात मी हात मिळवताना बाही मुद्दाम वर सरकवत होतो.

लग्नाची गडबड संपल्यावर मी एक मूर्खपणा केला. घड्याळाचं झाकण उघडायचं अवजार मागवलं होतं, फोनवर चार व्हिडिओ पाहिले होते. एका रविवारी जेवण झाल्यावर मी घड्याळ उघडलं. आतली सगळी चाकं जुन्या पितळेसारखी काळवंडलेली, आणि बॅलन्स मात्र लख्ख. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक, ताजे ओरखडे. सुईनं खरवडल्यासारखे.

लाकूड ओळखता येतं म्हणून मला सगळंच ओळखता येतं, असं मला वाटायचं. मी तिथेच हिशेब मांडला. म्हणे दांडी मोडली! मोडली नव्हतीच. याच्या हातात माझ्याच जातीचं घड्याळ आहे. माझा अस्सल भाग काढून यानं स्वतःच्या घड्याळात घातला आणि मला कुठला तरी नवा, बदली भाग बसवून दिला. वरून झाकण खरवडून ठेवलं.

बायको म्हणाली, "अवो, आधी इचारा तं खरं त्याईले."

मी गाडीची किल्ली घेऊन निघालो होतो.

काकाजी दुकानात होते. मी दुचाकी रस्त्यातच उभी केली आणि उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. समोर चहाची टपरी होती, तिथे पाच-सात माणसं होती. ती ऐकत आहेत हे मला दिसत होतं आणि बरंही वाटत होतं.

"शेठ, आत या," ते म्हणाले. "बसा. सांगतो."

"आत काहून? चार लोकाईले समजू द्या! माझ्या घड्याळाचा जीव काढून सोताच्या घड्याळात घातला तुमी!"

"आत या म्हणून राहिलो नं."

"चोर तुमी! अन् हा चोराचा धंदा किती वर्षांपासून चालू हाय, ते या गल्लीले तरी सांगा!"

त्यांनी टपरीकडे पाहिलं. मग खाली वाकून माझा डबा काढला, काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. डबा देताना त्यांचं मनगट माझ्या समोर होतं. त्यावर घड्याळ नव्हतं, पट्ट्याचा फिकट वळ होता. मी तो पाहिला. माझ्या मनात आलं, बघा, लपवून ठेवलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "त्याईच्या हातात व्हतं का घड्याळ?"

"नव्हतं."

"तुमचं चोरून आपलं चालू केलं, तं मंग घालत काहून नाही?"

मी तिला म्हटलं, तुला या धंद्यातलं काही कळत नाही.

पुढची तीन वर्षं डबा कपाटावर राहिला. सीताबर्डीला दोघातिघा घड्याळजींना दाखवला. एकानं तर चावीचं घड्याळ हातात घेऊन विचारलं, याचा सेल कुठे बसतो? संग्रह करणाऱ्या ओळखीच्या लोकांना फोन केले. त्यांच्याकडेही असेच डबे होते. एकजण म्हणाला, महालात एक घड्याळजी जिन्याखाली बसायचे, फार चांगला हात होता, त्यांना दाखवा. मी विषय बदलला.

गेल्या हिवाळ्यात लाकडाच्या कामानं जबलपूरला गेलो. तिथे एक म्हातारा कारागीर आहे असं कळलं म्हणून डबा सोबत नेला होता. त्यानं डबा नंतर पाहू म्हणून आधी हातातलं घड्याळ मागितलं. झाकण उघडलं, भिंग लावलं आणि बराच वेळ ते खरवडलेले ओरखडे वाचत बसला. हो, वाचत.

"किसने बनाई ये?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, एका चोरानं. आणि सगळी कहाणी सांगितली, जशी मी सगळ्यांना सांगत असे.

तो हसला नाही. म्हणाला, घड्याळ दुरुस्त करणारा झाकणाच्या आत आपली खूण करतो, महिना-साल टाकतो. हे जगभर चालतं. आणि काही जुन्या उस्तादांचे चेले आणखी एक गोष्ट करतात: दुसऱ्या घड्याळातला भाग बसवला, तर त्या घड्याळाच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे लिहितात. म्हणजे उद्या कोणी उघडलं तर त्याची फसगत होऊ नये. त्यानं भिंग माझ्या डोळ्याला लावलं. ओरखड्यांमध्ये एक चांदणीसारखी खूण होती आणि तिच्याखाली ४१७.

"चोर अपने हाथ से लिखकर नहीं जाता, भाईसाब."

तो बॅलन्स नवा नव्हताच, हेही त्यानं सांगितलं. त्याच जातीच्या घड्याळातला होता, फक्त कोणीतरी वर्षानुवर्षं साफ करून, जिवापाड जपलेल्या घड्याळातला. म्हणून लख्ख.

परतीच्या वाटेवर मला भूक लागली नाही. पट्ट्याचा तो फिकट वळ तेवढा डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी महालात गेलो. दुकान उघडं होतं, पण काउंटरवर निम्म्या जागेत मोबाइलची कव्हरं टांगलेली. काकाजी मागे स्टुलावर बसले होते. भिंतीवर खिळ्याला ते घड्याळ लटकत होतं, लाल काटा थांबलेला. मी न विचारता ते काढलं आणि उलटं केलं. नंबराचे शेवटचे आकडे ४१७.

मी आत शिरलो, अगदी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "काकाजी, चूक झाली माझी."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तवा रस्त्यावर बोल्ले होते शेठ, आता कानात सांगून राहिले."

मला राग आला. खोटं कशाला लिहू, त्या क्षणीही आला. मी म्हणालो, "मंग तुमी तवाच काहून नाही सांगितलं? एक शब्द बोलता तं विषय मिटला असता. तीन वर्षं मले अंधारात ठेवलं."

"आत या म्हणलं होतं. दोन डाव."

"बाहेरच सांगायचं होतं!"

"काय सांगायचं होतं? तीस घड्याळाईचं काम भेटावं म्हणून म्हाताऱ्यानं आपल्या हातातलं मोडलं, हे? टपरीवाल्याईसमोर?" त्यांनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं. "मी काही पुण्य नव्हतं केलं. तुमी बोलीचे पक्के वाटले मले. माझा अंदाज चुकला."

अडचणीत आलो की माझं तोंड आपोआप जे करतं तेच त्यानं केलं. मी म्हणालो, "हे बंद घड्याळ मले देऊन टाका. सांगा, कितीले देता?"

शब्द बाहेर पडल्यावर मलाच ते ऐकू आले. काकाजी पहिल्यांदा हसले.

"वाळवी हाय म्हणा नं," ते म्हणाले. "भाव उतरते."

त्यांनी घड्याळ परत खिळ्याला अडकवलं. एकदा अडकलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तेव्हा मी त्यांचे हात पाहिले. दोन्ही हात थरथरत होते, कडाक्याच्या थंडीत थरथरतात तसे, पण दुपारी तेवढी थंडी नव्हती. तिसऱ्यांदा मी घड्याळ घेऊन अडकवलं.

"दोन सालं झाली," ते म्हणाले. "आता पट्टे बदलतो. सेलबी हातातून पडते कधी कधी."

माझा डबा गाडीच्या डिकीत होता. मी तो काढला नाही.

बाहेर आलो. टपरी तशीच होती, टपरीवालाही तोच. बाकड्यावर चारजण चहा पीत होते; त्यातला एकही त्या दिवशीचा नव्हता. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, जिथे तेव्हा उभा होतो तिथेच, आणि मोठ्यानं म्हणालो की या दुकानाच्या माणसाला मी चोर म्हटलं होतं, ते खोटं होतं, त्यानं स्वतःच्या घड्याळातला भाग काढून माझं घड्याळ चालू केलं होतं. आयुष्यभर आवाज चढवला, पण त्या दिवशी तो मध्येच चिरकला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं विचारलं, "काय झालं बाप्पा?"

दुकानाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

टपरीवाल्यानं मात्र गाळणी बाजूला ठेवली. "भाऊ, तुमीच का ते?" तो म्हणाला. "तुमी बोलून गेले नं, त्याच संध्याकाळी मी माह्या बापाचं घड्याळ त्याईच्याकडून वापस आणलं. बनवायले देल्लं होतं. म्हटलं, यातलंबी काही काढून घेईल बुढा. तवापासून घरी बंदच पडून हाय." हात पुसत त्यानं जिन्याखालच्या दुकानाकडे पाहिलं. "मंग आता देऊ का त्याईले बनवायले?"

मी सांगितलं, त्यांचे हात आता थरथरतात.

त्यानं माझ्या मनगटाकडे पाहिलं. लाल काटा फिरत होता. मी बाही खाली ओढली.