उतारावरच्या काळ्या रेघा

समोरच्या कागदावर त्या पेन्सिल आडवी ठेवायच्या, नेमकी माझ्या आवडत्या शब्दावर, आणि विचारायच्या, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तुमच्याही ऑफिसात असं कोणीतरी असेलच. आमच्याकडे मॅडम होत्या. मंगळाभोवती फिरणाऱ्या नव्या यानाच्या कॅमेऱ्यावर पुण्यातल्या आमच्या संस्थेनं काम केलं होतं. आलेले फोटो त्या तपासायच्या आणि वर्तमानपत्रांसाठी त्या फोटोंबद्दल चार ओळी मी लिहायचो. चारातली एक उरायची. 'विलोभनीय' खोडलं. 'प्रथमच' खोडलं. 'दरी' लिहिलं तर म्हणाल्या, "खोली मोजलीत? मग 'खोलगट भाग' लिहा." वारज्याला घरी पोचेपर्यंत मी स्कूटरवर मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत असे.

एका सकाळी एका उताराचा फोटो आला. वरून खाली ओघळल्यासारख्या काळ्या रेघा. पत्रकारांचे फोन सुरू झाले. मी घाईघाईनं लिहिलं, 'मंगळावर पाणी वाहिल्याच्या खुणा'.

पेन्सिल आडवी झाली. "पाणी? प्यायलात का?"

"अहो मॅडम, दिसतंय ना!"

"पाणी खडकवासल्यात दिसतं. इथं रेघा दिसताहेत. घसरलेली वाळूही अशीच दिसते."

"वाळूची बातमी कोण छापणार?"

"नाही छापली तर नाही. 'रेघा आहेत. कशाच्या, ते माहीत नाही.' लिहा."

माझा तोल गेला. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "तुम्हाला कुणाचा आनंद बघवतच नाही!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"तो उतार मीच निवडलाय. कॅमेरा तिकडे वळावा म्हणून किती जणांशी भांडले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिथं पाणी असावं असं मला इतकं वाटतं, की माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही. तुम्ही तरी मला सांभाळा हो."

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी 'माहीत नाही' लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवला, तोही जरा आदळूनच. ते अजून टोचतं.

मंगळावरचा ऋतू बदलल्यावर त्या उताराचा पुन्हा फोटो घ्यायचं ठरलं. त्याला काही महिने जाणार होते. मधल्या काळात मॅडम आजारी पडल्या. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तर पहिला प्रश्न, "आला का?"

"नाही अजून."

"मग कशाला आलात?"

फोटो आला तेव्हा मॅडम हयात नव्हत्या. उजेड तिरपा पडला होता आणि रेघांच्या पायथ्याशी साचलेले ढीग स्वच्छ दिसत होते. बरोबरच्यांनी मोजमापं पुन्हा पुन्हा तपासली. शंका उरली नाही. वरिष्ठ म्हणाले, दोन ओळी लिहून टाका.

'पाणी' खोडलं म्हणून चिडणारा मी, 'वाळू' एवढा एक शब्द लिहायला दुपारभर बसून होतो.