थोरली आणि चुंबकाची पाटी

शेवाळाच्या कारखान्यात दोघी जावा कामाला होत्या. एक थोरली, एक धाकटी. घरातली ही नावं त्यांच्या मागोमाग कामावर आली ती चिकटलीच. फोरमनसुद्धा "थोरलीबाई, टाकी भरली का?" असंच विचारायचा.

काम असं होतं. बाहेरच्या तलावांतलं हिरवं पाणी आतल्या टाकीत यायचं. त्यातलं शेवाळ इतकं बारीक, की कापडातून गाळलं तर पाण्याबरोबर तेही खाली. म्हणून त्यात लोखंडाच्या अतिसूक्ष्म कणांचं काळं पाणी ओतायचं. थोरली लाकडी दांड्याने ते ढवळायची आणि कण शेवाळाला जाऊन बिलगायचे. मग पलीकडच्या बाजूला धाकटी चाक फिरवून चुंबकाची दारापेक्षा मोठी पाटी टाकीला भिडवायची. सगळं शेवाळ कणांसकट तिकडे ओढलं जायचं आणि पाणी बघता बघता नितळ व्हायचं.

आधी चाक थोरलीकडेच होतं. पण एकदा ती जिन्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला आणि बजावलं, "बाकी सगळं करा. मोठ्या चुंबकाजवळ मात्र फिरकायचं नाही."

"आई, नोकरी सोड," लेक म्हणाली.

"बघू," म्हणून थोरलीने विषय संपवला. उभं आयुष्य कामात गेलेलं, घरी बसून भिंतींशी काय बोलायचं? कारखान्यात कळलं तर घरचा रस्ता दाखवतील म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं. धाकटीच्या तोंडात तर तीळ भिजायचा नाही. तिला एवढंच सांगितलं, "खांदा भरून येतो गं, चाक तू घे."

"म्हातारपण आलं म्हणा की, जाऊबाई!" धाकटी हसली आणि चाकापाशी गेली.

तेव्हापासून थोरलीला धास्तीने घेरलं. तिची बाजू आणि चाक यांच्या मधे जमिनीत नाली होती, तिच्या पलीकडे ती पाऊल टाकत नसे, जणू तिकडे उघडी विहीर होती. पाटी टाकीला भिडली की तिचा हात आपोआप खांद्याखाली जायचा. आत काही हललं का? ठोका चुकला का? घरी फ्रिजच्या दारावरची नातवाची चुंबकाची फुलपाखरंही तिने डब्यात भरून माळ्यावर टाकली. नातू रडला, पण तिने ऐकलं नाही.

एका दुपारी फोरमन तलावांकडे गेला होता. नळ दुरुस्त करणारा माणूस आपला भला मोठा पाना चाकाजवळच्या कठड्यावर विसरून गेला होता. "हे धूड कुणी ठेवलं इथे?" म्हणत धाकटीने तो बाजूला करायला उचलला. पाना तिच्या हातासकट झेपावला आणि खाडकन पाटीवर बसला. बोटं मधे.

धाकटीने किंकाळी फोडली. थोरली फोरमनच्या नावाने ओरडली, पण पंपांच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच ऐकू येईना.

"जाऊबाई, बोटं गेली माझी! या ना!"

थोरली नालीपाशी खिळून उभी राहिली. जीव वाचवून पळावं असं अगदी खरोखर वाटलं तिला. मग धाकटीच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ उतरताना दिसला. त्या जागी आपण उभं असायला हवं होतं, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

ती दांडा घेऊन नाली ओलांडून गेली.

पान्याखाली दांडा सारायचा तर पाटीला खेटूनच उभं राहावं लागत होतं. छाती टेकली आणि आतली लय बदलली. आपल्या ठोक्यांत कुणी परकं माणूस आपले ठोके घुसवतंय असं तिला वाटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. "देवा, एवढं होऊ दे," असं पुटपुटत तिने सगळा भार दांड्यावर टाकला. पाना तसूभर उचलला गेला, धाकटीने हात ओढून घेतला आणि थोरली तिथेच खाली बसली.

धाकटीने धड हाताने तिला बखोटीला धरून फरफटत नालीच्या अलीकडे आणलं. "अहो, हात माझा चेचला आणि पडता तुम्ही?"

हळूहळू थोरलीचे ठोके जागेवर आले. मग तिने कॉलर बाजूला करून खांद्याखालचा उंचवटा दाखवला आणि सगळं सांगितलं.

धाकटी भडकली. "मला नाही सांगायचं? मेल्या असतात म्हणजे? मी कुठल्या तोंडाने घरी गेले असते?" बोलता बोलता तिला रडू फुटलं.

धाकटीची दोन बोटं मोडली होती. डॉक्टरांनी थोरलीचं यंत्र तपासलं. "चुंबक जवळ आला की हे हृदयाचं ऐकत नाही, आपल्याच तालाने चालतं. लांब गेलात की पूर्ववत. सुटलात," ते म्हणाले. "पुन्हा असलं धाडस नको." सगळं कळल्यावर फोरमनने डोक्याला हात लावला, पण थोरलीला कामावरून काढलं नाही. शेवाळ वाळवायच्या खोलीत तिला नेमलं आणि पाटीभोवती जाळी बसवली.

भीती मात्र गेली नाही. पिशव्या भरता भरता ती मधेच थांबते, आत कान लावते. धाकटीचं मधलं बोट वाकडंच जुळलं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन वाळवणीच्या खोलीच्या दारात येते.

"आहात ना, जाऊबाई?"

"आहे गं बाई," थोरली म्हणते आणि तिच्यासाठी बाकावर जागा करते.