गोलकीपरचा डबा

ऑस्ट्रेलियात टार्निटला आमच्या शेजारी एक राष्ट्रीय खेळाडू राहतो, हे मला लॉकडाउन लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. एरवी तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. शिवाय तो ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या एका बेटाच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. बेट एवढंसं, नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल.

"बेट काही राष्ट्र नाही, मग नॅशनल टीम कसली?" नवरा म्हणाला.

"मुंबई तरी कुठे राष्ट्र आहे? रणजी खेळतेच ना."

गणपतीत मी कुंपणावरून मोदकांचा डबा दिला. डबा परत आला तो केळ्याची भजी घेऊन. "आंटी, रिकामा डबा परत द्यायचा नाही, असं आई सांगते," तो म्हणाला. माझ्याही आईने हेच शिकवलं होतं. झालं. इकडून श्रीखंड, तिकडून नारळाच्या दुधातला भात, इकडून करंज्या.

मग संघाचे कोच, म्हणजे त्याचेच मामा, व्हिडिओवर फिटनेस बघणार असं ठरलं. सीमा उघडल्या की सामना होता. बेटावर दुसरा गोलकीपर तयार होता, तोही याचा मावसभाऊ. जागा गेली असती तर घरातल्या प्रत्येक लग्नात ऐकून घ्यावं लागलं असतं.

लॉकडाउनमध्ये व्यायामापुरतं बाहेर पडायची मुभा होती, त्या वेळात आमच्या गल्लीत चाचणी झाली. फोन मी धरला.

"मॅडम, जरा मागे व्हा. मावत नाहीये," मामा म्हणाले. मी झाले. "अजून."

मग त्याला बाजूने उभं केलं. "महिनाभर थांबतो," मामा म्हणाले, "नाहीतर भाऊ."

डबा तेव्हा माझ्याकडे होता. रिकामा देणं शक्य नव्हतं. मी काकडीची कोशिंबीर भरली. त्याच्याकडून उकडलेली अंडी आली. मी मुगाची उसळ दिली. आमच्या घरीही तेच.

"मी कुठे गोलकीपर आहे?" नवरा विचारायचा.

"म्हणूनच पळायचं नाहीये तुला. नुसतं खा."

महिन्याने मामांनी मला मागे व्हायला सांगितलं नाही. जागा राहिली. नवऱ्याच्या पँटही सैल झाल्या, त्याबद्दल मात्र कोणी आभार मानले नाहीत.

सीमा उघडल्या. विमानतळावर जायला निघताना तो डबा परत द्यायला आला. आत केळ्याची भजी. मी ती काढून घेतली, डबा धुतला आणि तुपातले बेसनाचे लाडू गच्च भरून त्याच्या हातात दिला.

"आंटी, सामना आहे," तो घाबरून म्हणाला.

"तुला नाहीत. तुझ्या मावसभावाला दे."