शेवटच्या गाडीतलं निशाण

इवाओ घरात कधी दुसऱ्यांदा चहा मागत नसे. पेला रिकामा झाला की तो समोर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा. तोमिएच्या लक्षात आलं तर ती ओतायची. उभ्या संसारात नवऱ्याने कुणाला ‘थांब’ म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. धाकट्या भावाला तर नाहीच. शिगेओने ओतशाळा काढली तेव्हा इवाओने जामिनाच्या कागदावर न वाचता सहीचा शिक्का उठवला. ओतशाळा बुडाली, मागोमाग शिगेओही गेला, आणि त्याचं सगळं कर्ज चालत यांच्या दाराशी आलं.

वकीलबाई ओगिनो या दोघांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दोन रस्ते सांगितले. दिवाळखोरी जाहीर केली तर घर जाईल, पण कर्ज पुसलं जाईल. नाहीतर कोर्टाच्या देखरेखीखाली तीन वर्षं हप्ते भरायचे, साधारण पाचवा हिस्सा फेडायचा. बाकीचं माफ, घर शाबूत. दोन्ही रस्ते कायद्यानेच बांधलेत, त्या म्हणाल्या, कुठल्याही रस्त्याने गेलात तरी मान खाली घालायचं कारण नाही. मग जाता जाता आणखी एक सांगितलं. दिवाळखोराला कोर्ट मोकळं करेपर्यंत पहाऱ्याचं काम करता येत नाही, आणि रस्त्यावर गाड्या थांबवणारा माणूसही त्यातच धरतात.

इवाओ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. तोमिएच्या मनात मात्र दिवा लागला.

कारण इवाओ गाड्या थांबवायला उभा राहायचा ती जागा म्हणजे मागच्या वादळात अर्धा कोसळलेला डोंगर. रस्त्याची एकच पट्टी शिल्लक होती. वरून अजून दगड सुटतात, असं गावात बोलायचे. त्याला तिथून खाली उतरवायला तिचे शब्द पुरले नव्हते. आता कायदाच उतरवणार होता. घरी येताना ती म्हणाली, दिवाळखोरीच करू या, ओल धरलेल्या भिंती कुणाला हव्यात, थोरलीकडे राहू. तो म्हणाला, “बघू.” ‘बघू’ हा त्याचा सगळ्यात मोठा नकार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वकीलबाईंना उत्तर द्यायचं होतं, आणि इवाओ डबा विसरून गेला. तोमिएने छोटा ट्रक काढला. डबा द्यायचा आणि हो म्हणवून घ्यायचं, एवढंच ठरवून ती निघाली.

वळणाच्या अलीकडच्या टोकाला सावा-सान उभी होती, इवाओच्याच कंपनीतली धिप्पाड विधवा. त्या खेपेतली शेवटची गाडी म्हणून तिने तोमिएचा ट्रक थांबवला आणि ओळख पटताच हसली.

“डोंगर सांभाळतात, आणि डबा नाही सांभाळता येत होय तुमच्या अहोंना?”

मग तिने खिडकीतून एक लाल निशाण आत दिलं. वळणामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत, वायरलेस या दरीत मुका होतो. म्हणून शेवटच्या गाडीच्या हाती निशाण पाठवायचं. ते पलीकडे पोचलं म्हणजे वाट रिकामी झाली. मगच तिकडच्या गाड्या सुटतात.

“आणि कुणी दिलंच नाही तर?”

“एकदा एक फळवाला गेला की घेऊन, थेट बाजारापर्यंत. डोक्यात दुसरंच काहीतरी चाललेलं बिचाऱ्याच्या. आठवलं तसा पेट्या न उतरवता परत आला. तोवर तुमचे अहो उभेच. एक ड्रायव्हर अंगावर धावून आला. हे वाकून वाकून माफी मागतायत, पण हात काही खाली येईना.”

तोमिएने निशाण मांडीवर ठेवलं आणि गाडी वळणात घातली.

डोंगराचं आतलं अंग माणसाने बघू नये. झाडं मुळं वर करून लोंबत होती. जिथे आजवर सूर्य पोचला नव्हता तो खडक ओला, काळा, नुकत्या जन्मलेल्या जनावरासारखा चकाकत होता. खाली नदी इतकी हिरवी की तिला तळ आहे हे पटेना. तिला वाटलं, इथेच थांबावं आणि परत फिरावं. पण मांडीवर ते चिंधीएवढं कापड होतं, आणि पलीकडे न दिसणारी माणसं त्याची वाट बघत होती.

वळण संपलं. रस्त्याच्या मधोमध एक बुटका माणूस हात आडवा धरून उभा होता. त्याच्या पाठीशी ओंडक्यांनी लादलेल्या लॉऱ्या, बस, पुन्हा लॉऱ्या. इंजिनांनी जमीन थरथरत होती. तो सगळा भार त्या एका बाहीमागे थांबला होता. मग तिला त्याचे कान ओळखू आले.

इवाओने निशाण दोन्ही हातांनी घेतलं आणि कमरेत वाकून तिला नमस्कार केला. कुठल्याही ड्रायव्हरला करतो तेवढाच, रतीभर कमी नाही की जास्त नाही. मग तो वळला. हात खाली आला, आणि डोंगराएवढी वजनं हलली. तोमिए ट्रक कडेला घेऊन बघत राहिली. या माणसाला ती रोज जेवायला वाढत होती.

शेवटच्या लॉरीच्या हाती निशाण गेलं, रस्ता निवांत झाला, तेव्हा तो डबा घ्यायला आला.

“भीती नाही वाटत?” तिने विचारलं.

“वाटते. रोज.” तो डब्याची गाठ सोडू लागला. “शिगेओच्या मागे शेवटची गाडी मीच होतो. सगळं पोचवता येणार नाही. पाचवा हिस्सा तरी पोचेल.” मग तो म्हणाला, “तुला नको असेल तर उतरतो मी इथून. दिवाळखोरी काही चोरी नव्हे.”

तिने वर, उघड्या खडकाकडे पाहिलं. तो होता तसाच होता.

“तीन वर्षं मासे मिळायचे नाहीत. भात आणि मुळ्याचं लोणचं.”

“मला मुळा आवडतो.”

“खोटं बोलू नका. आणि पाऊस लागला की काम बंद, हे कंपनीला तुम्ही सांगायचं. थांब म्हणता येतं तुम्हाला. बघितलंय मी आज.”

त्याने ‘बघू’ म्हटलं नाही. मान हलवली.

परतताना ती रांगेत मधे होती, त्यामुळे निशाण मागच्या पोस्टाच्या गाडीकडे गेलं. खडकाखालून जाताना तिची मांडी उगाच मोकळी वाटली. वळण संपलं तशी तिने ट्रक कडेला घेतला, आणि त्या पोस्टमनने खिडकीतून हात बाहेर काढून सावा-सानच्या हातात ते देईपर्यंत तिथून हलली नाही. मग हप्त्यांच्या कागदांसाठी ती इवाओचा शिक्का आणायला घरी गेली.