पेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी डास गोळा करत होते. कॉलेज लोणखेड्याला, राहायची खोली शहाद्यात आणि काम मणिबेलीच्या बाजूला, नर्मदेकाठच्या एका पाड्यावर. हिवताप पसरवणारा डास आपल्याला एकच वाटतो, पण त्यात चार-पाच जाती असतात आणि भिंगाखालीही त्या सारख्याच दिसतात. एक जात मुख्यतः गुरांवर जगते, बाकीच्या माणसाला ताप देतात. कोणती कुठली, हे जनुकं तपासल्यावरच कळतं. म्हणून घरातले आणि गोठ्यातले डास वेगळे ठेवायचे.

पाड्यावर मुक्काम करून उजाडल्यावर भिंतीवर बसलेले डास नळीने ओढून घ्यायचे, स्पिरिटच्या कुपीत टाकायचे आणि आत 'घर' किंवा 'गोठा' अशी चिठ्ठी घालायची. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, असं आमच्या मॅडमनी बजावलं होतं. एके दिवशी पेन्सिल सापडेना, म्हणून मी पेनाने लिहिलं. खोलीवर येऊन पाहते तर स्पिरिट निळसर झालेलं आणि सात चिठ्ठ्या कोऱ्या.

परत जायचं म्हणजे एसटी, जीप, मग बोट. मी आठवून आठवून नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. तीन कुप्यांची खात्री होती. बाकीच्या चार अंदाजाने.

तपासणीत 'घर' लिहिलेले जवळजवळ सगळे डास गुरांच्या जातीचे निघाले. मार्चमध्ये पाड्यावर गेले, तेव्हा ज्या मावशींच्या घरातून मी डास धरायची त्यांनी विचारलं, "आमच्या घरातले कुठले निघाले?" त्या भिलीत बोलत, गावची आशाताई मला मराठीत सांगायची. एवढे दिवस त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. आपल्याकडे सांगायला काहीतरी आहे याचा मला आनंद झाला.

"गुरांना चावणारे आहेत. घाबरायचं कारण नाही."

मावशींनी मच्छरदाणी काढली आणि अंगणात वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांवर पसरली, कोंबड्या येऊ नयेत म्हणून. मी बघत होते.

पावसाळ्यात त्यांच्या नवऱ्याला हिवताप झाला. औषधांनी ते बरे झाले, पण लावणी तशीच राहिली. ते शेतातही झोपायचे, तिथेही डास चावला असेल. ही सबब मी स्वतःला बरेच दिवस सांगितली. शेवटी मॅडमना सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "त्या सातही कुप्या बाद कर. पुन्हा डास धर. आणि त्यांना सांगायला तूच जा."

या वेळी घरात दोन्ही प्रकारचे डास निघाले. मी मावशींच्या ओट्याशी उभी राहून सांगितलं, की आधीचं चुकीचं होतं, मच्छरदाणी रोज लावा.

आशाताईने त्यांचा प्रश्न सांगितला, "मग तेव्हा तसं का सांगितलं, विचारते ती."

"मला खात्री नव्हती. तरी सांगितलं."

माझं एवढंसं वाक्य आशाताईने भिलीत बराच वेळ सांगितलं. तिने माझी बाजू घेतली असावी. मावशींनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याला दोरी आणायला सांगितली. दोघांनी मिळून खाटेवर मच्छरदाणी बांधली. एरवी त्या मला बसायला सांगत. त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, आणि बोट सुटायला वेळ होता तरी मी काठावर जाऊन थांबले.