चौथ्या मजल्यावरची हवा

सकाळी डोळे उघडले की लेओंतिनाला देवाआधी साबिन आठवायचा, आणि साबिन आठवला की तिच्या तोंडून बरं काही निघायचं नाही.

तो पहिल्या मजल्यावर, ही चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या. दोघांना बांधून ठेवलं होतं दोन लोखंडी नळ्यांनी. शहराच्या बॉयलरघरातून निघालेलं गरम पाणी एका नळीनं घरोघरच्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरमधून वर चढायचं, लेओंतिनाच्या बाथरूममध्ये वळण घ्यायचं आणि दुसऱ्या नळीनं खाली जायचं. नळ्यांत हवा साचली की पाणी अडायचं, आणि हवा जाऊन बसणार कुठे, तर सगळ्यात वर. त्यामुळे दर शरदात, हीटिंग सुरू झालं की, हवा काढायचं काम लेओंतिनाचं. ते तिला कुणी दिलं नव्हतं. वरचं घर मिळालं तेव्हा त्याच्याबरोबर हेही गळ्यात पडलं. खालचे लोक नळीवर चमच्यानं दोनदा ठोकायचे: हवा काढ. मग ही घमेलं घेऊन गुडघ्यांवर बसायची, चावीनं झडप फिरवायची. फुस्स होऊन आधी हवा यायची, मग काळं पाणी, बहुतेक तोंडावरच. खालून एकच ठक आली की समजायचं, ऊब पोचली.

आयुष्यभर जहाजाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तिनं शेकडो माणसांना सूप वाढलं होतं, त्यामुळे दुसऱ्यांचं करणं अंगवळणी पडलं होतं. पण तेव्हा नळीवर चार घरं होती. आता तिसऱ्या मजल्यावरच्या दोरेलनं गॅसचा स्वतःचा बॉयलर बसवला, दुसऱ्या मजल्यावरच्यांनीही बसवला; नळ्या तेवढ्या त्यांच्या घरांतून तशाच वर जात राहिल्या. उरली ही आणि साबिन. वापरणारे कमी झाल्यावर त्याच बॉयलरघरातून येणारं नळाचं गरम पाणी वाटेतच थंड व्हायला लागलं. नळ सोडून दात घासा, कॉफी करा, कॉफी प्या, पाणी आपलं कोमटच. शेवटी लेओंतिना लोणच्याच्या मोठ्या पातेल्यात पाणी तापवून केस धुवायची आणि प्रत्येक तांब्यागणिक साबिनच्या नावानं बोटं मोडायची. कारण दोघांनी मिळून नळ्या बंद केल्या असत्या, तर त्याला एकट्याला मागे टाकल्याची टोचणी तिच्या जिवाला लागली नसती.

पण तो बाबा ऐकेल तर शपथ! निवृत्त बस-नियंत्रक, जिन्यात भेटला की भाषण सुरू.

"लेओंतिनाबाई, आख्ख्या शहराला एक चूल, याला म्हणतात संस्कृती. ज्याची त्याची चूल म्हणजे जंगल."

"भाऊ, तुमच्या संस्कृतीनं माझ्या डोक्यातला साबण निघत नाही!"

"थोडा धीर धरा. व्यवस्था सुधारतेय."

"मी मेल्यावर मला अंघोळ घालतील ना, तेव्हा गरम पाणी येईल. त्याच दिवशी बघा!"

त्यात मुलीचे फोन. नार्चिसा इटलीत एका म्हातारीची देखभाल करायची. "आई, मी इथे त्या सिन्योराला रोज कढत पाण्यानं अंघोळ घालते, आणि माझी सख्खी आई पातेल्यात पाणी तापवते. मला रडू येतं गं. बॉयलर पाठवतेय मी, आता नाही म्हणू नकोस."

लेओंतिना नाही म्हणाली नाही. सप्टेंबर संपता संपता, जिनाभर भाजलेल्या मिरच्यांचा वास दरवळत असताना, जावयाचा एक नातेवाईक आला. हा गावाकडचा प्लंबर. तिकडे घराघरात चूल, असल्या इमारतींच्या नळ्या त्यानं जन्मात पाहिल्या नव्हत्या. त्यानं रेडिएटर काढले, दोन्ही नळ्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापल्या, प्रत्येकीला घट्ट टोपण लावलं आणि हात झटकले. बॉयलर भिंतीवर चढला. लेओंतिना शॉवरखाली उभी राहिली ती बाहेरच येईना. आरसा धुरकटला, पाठीचं दुखणं पळालं, आणि ती मोठमोठ्यानं गायला लागली. गळा भसाडा होता, पण त्या दिवशी कुणाची पर्वा होती!

ऑक्टोबरात थंडी पडली, शहराचं हीटिंग सुरू झालं. आणि कापलेल्या नळीतून आवाज आला: ठक ठक.

"ठोक बाबा ठोक," लेओंतिना म्हणाली. "मी आता त्या खात्यात नाही."

दुपारी पुन्हा. रात्री जेवताना पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगाला साबण लावलेला, अन् ठक ठक. तिसऱ्या मजल्यावरचा दोरेल जिन्यात हसत म्हणाला, "मावशी, म्हातारा तुमच्या प्रेमात पडलाय वाटतं. मला झोपू देत नाही."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. स्वयंपाकाचा एप्रन तसाच, हातात पळी, अशी ती तरातरा खाली उतरली आणि साबिनच्या दारावर तिनं पळीच आपटली.

दार उघडलं. साबिननं ओव्हरकोट घातला होता. घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. आत त्याची बायको फ्रोसिना खुर्चीत बसलेली, डोक्याला लोकरीचा रुमाल, आणि दोन्ही हात थंडगार रेडिएटरवर पसरलेले.

"येईल हं आता," ती लेओंतिनाकडे बघून म्हणाली. "वरची बाई हवा काढते. चांगली आहे ती."

वरच्या बाईला तिनं ओळखलं नव्हतं.

लेओंतिनाची नजर स्वयंपाकघरात गेली. शेगडी जागेवर नव्हती. गॅसच्या नळीचं तोंड बंद केलेलं होतं. एक विजेची छोटी शेगडी उंच फळीवर, फ्रोसिनाचा हात पोचणार नाही अशी.

"गॅस सोडते आणि विसरते," साबिन हळूच म्हणाला. "एकदा नव्हे, बऱ्याचदा. म्हणून गॅस तोडला. हीटर ठेवला तर त्यावर कपडे वाळत घालते. हीच एक ऊब आहे जिला ती काही करू शकत नाही."

"अहो पण मग सांगायचं ना! संस्कृती न् जंगल कसलं ऐकवत होतात मला?"

"जिन्यात उभं राहून सांगू, की माझ्या बायकोला काही कळत नाही?" तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "चावी हरवली का तुमची? माझ्याकडे आहे एक. पाच मिनिटांचं तर काम."

त्याला ठाऊकच नव्हतं. नळ्या कापल्यात, वर वळणच उरलं नाही, मग पाणी चढणार कसं आणि उतरणार कसं, हे लेओंतिनानंच त्याला सांगितलं. सांगताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिनं ते ओरडूनच सांगितलं. मग वर जाऊन प्लंबरला फोन लावला आणि त्याच्यावर तिप्पट ओरडली.

तो आला, कुरकुरत. "तुमच्याकडे तुमचा बॉयलर आहे. ही नळी तुमच्या काय कामाची, बाई? येता-जाता पाय ठेचकाळेल."

"पाय माझा आहे. तू जोड."

त्यानं दोन्ही तोंडं एका वाकड्या नळीनं जोडली आणि वर झडप बसवली. तो गेल्यावर लेओंतिना घमेलं घेऊन गुडघ्यांवर बसली. गुडघे कुरकुरले, तीही कुरकुरली. साबिनला, फ्रोसिनाला, नार्चिसाला, शहराच्या बॉयलरघराला, सगळ्यांना शिव्या घालत तिनं चावी फिरवली. फुस्स. फुस्स. मग काळं पाणी, थेट डोळ्यात.

वाकडी नळी हळूहळू गरम झाली. खालून एकच ठक आली. पोचलं.

ती उठणार, तोच पुन्हा एक. मग अजून एक. हा साबिनचा हात नव्हता. कधी जोरात, कधी नुसता चमचा नळीला लागल्यासारखा, मधेच थांबून पुन्हा सुरू. पोचलं. पोचलं. पोचलं.

"कळलं गं बाई, कळलं," लेओंतिना पुटपुटली, आणि तोंड पुसायचं सोडून पळी शोधायला लागली, उलट ठोकायला.